पापड मोडेपर्यंत

त्या दिवाळीला गंगाखेडात कोणीही भेटलं की आधी पाण्याची उंची सांगायचं. हात आडवा करून कोणी कमरेला लावायचा, कोणी छातीला. ज्याच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं, तो चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत ते गळ्याशी नेऊन ठेवायचा; आणि ज्याच्या घरात खरोखर आढ्याला लागलं होतं, तो मात्र गप्प बसून बशीतला चहा फुंकायचा. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. नवरात्राच्या तोंडावर ही गंगा खालच्या आळीत शिरली, तीन दिवस राहिली आणि जाताना घराघरांत वीतभर गाळ ठेवून गेली.

वालूरचे रंगनाथ मिस्त्री या गावात आले ते चार दिवसांसाठी. शिवणमशिनी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. खालच्या आळीतल्या बायकांच्या चाळीसेक मशिनी गाळात रुतून बसल्या होत्या, म्हणून शुभदा नावाच्या तिथल्या एका शिवणाऱ्या बाईने त्यांना फोन करून बोलावून घेतलं. मिस्त्रींनी फोनवर चार दिवस सांगितले, कारण पाण्यात भिजलेली मशीन त्यांनी पाहिली होती, गाळात मुरलेली पाहिली नव्हती. गाळ मशिनीच्या पोटात जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटला मागे टाकतो. एकेक पेच रॉकेलमध्ये दोन-दोन दिवस भिजत घालावा लागला आणि चार दिवसांचा महिना उलटून गेला. घरून विचारणा करणारं कोणी नव्हतं. आईबापांना ते एकटेच, मूलबाळ झालं नाही, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. वालूरला त्यांची वाट बघायला दाराचं कुलूप तेवढं होतं.

राहायला जागा मिळाली ती केशरबाईंच्या लॉजवर, आणि तीही गावात दुसरा लॉज उघडा नव्हता म्हणून. आठ खोल्यांचा साधासुधा लॉज. वरच्या चार खोल्या कोरड्या राहिल्या होत्या, खालच्या चार पाण्यात गेल्या होत्या. नवऱ्यामागे बारा वर्षं केशरबाईंनी तो एकटीच्या हिमतीवर चालवला होता. दारातच त्यांनी एक पाटी लावली होती. आंघोळीचं पाणी एकच बादली. कपडे खिडकीत वाळत घालू नयेत. ज्याने चिखल आणला त्यानेच पुसावा. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी ती पाटी वाचली आणि तेव्हापासून ते बाईंना थोडे भिऊनच असायचे. हळूहळू ते भिणं कमी झालं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, पण त्याला नाव द्यायचं वय राहिलं नाही असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

ओल्या खोल्या वाळवायची केशरबाईंची स्वतःची एक तऱ्हा होती. भिंती खरवडायच्या, चुना द्यायचा, खिडकी उघडी टाकून दिवसभर कोळशाची शेगडी पेटती ठेवायची. इथवर सगळं गाव करत होतं. पुढची गोष्ट फक्त बाईंची. संध्याकाळी शेगडी विझली की खोलीतल्या कोनाड्यात त्या उडदाचा एक कच्चा पापड ठेवायच्या, आणि पापडाच्या सोबतीला मिस्त्रींना त्या खोलीत झोपवायच्या. सकाळी पापड हातात घेऊन मोडायचा. टचकन मोडला तर खोली कोरडी. वाकला तर पुन्हा शेगडी, पुन्हा पापड, पुन्हा मिस्त्री.

सरकारकडून ओल मोजायचं यंत्र घेऊन एक साहेब आला होता. त्याने दोन नंबरच्या खोलीला कोरडी म्हणून पास करून टाकलं. केशरबाईंनी सकाळचा पापड त्याच्या हातात दिला. तो विड्याच्या पानासारखा दुमडला गेला. साहेबाने यंत्र पिशवीत घातलं आणि चहा न घेताच तो निघून गेला.

अशा रीतीने मिस्त्रींचं बिऱ्हाड महिनाभर लॉजमधल्या लॉजमध्येच फिरत होतं. आज दोन नंबर, परवा तीन, मग पुन्हा दोन. लॉज झाडायला आणि स्वयंपाकाला येणारी सरजाबाई त्यांना रोज सकाळी विचारायची की मिस्त्री, आज कोणत्या गावाला मुक्काम. सरजाबाईची स्वतःची मशीन मिस्त्रींनी सगळ्यात आधी चालू करून दिली होती, त्यामुळे त्यांच्या ताटात भाजीबरोबर ठेचाही पडायचा आणि अशी थट्टाही.

थट्टा चालली होती, पण बाईंच्या जिवाला घोर होता. त्यांचा मुलगा बालाजी पुण्याला नोकरीला होता. पूर ओसरल्यावर तो धावत आला होता, चार दिवस गाळ उपसला होता आणि मग आईला म्हणाला होता की आता पुरे, हा लॉज विकून टाक आणि माझ्याकडे चल. बाई ऐकेनात. शेवटी मायलेकांत एक बोली ठरली. गावातले किराणा दुकानदार तात्याराव यांच्या मुलीचं, प्रियांकाचं लग्न पुराआधीच ठरलेलं होतं आणि मुलाकडच्यांना उतरवायला गावात दुसरी जागाच नव्हती. नदीकाठच्या मंगल कार्यालयात अजून गाळ होता. म्हणून मांडव शाळेच्या मैदानात आणि जानोसा, म्हणजे वरपक्षाचा मुक्काम, केशरबाईंच्या लॉजवर. बालाजी म्हणाला होता की हा जानोसा एकाही तक्रारीवाचून पार पडला तर लॉज विकायचं नाव मी काढणार नाही. पण वरपक्षाकडून एक जरी तक्रार आली, तर सामान बांधायचं. बघायला तो स्वतः येणार होता.

मिस्त्रींना ही बोली माहीत होती, कारण बाईंनी ती त्यांनाच सांगितली होती, तीन नंबरचा पापड मोडता मोडता. सांगताना बाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, "पुण्यात मी काय करू वो मिस्त्री? तिथं कोणी मला रातच्याला खोली मागायला येणार हाय का?"

त्या दिवसापासून मिस्त्रींनी मशिनींबरोबर लॉजचीही कामं अंगावर घेतली. दारांच्या बिजागऱ्या, फुगलेल्या खिडक्या, नळ, जे दिसेल ते.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोन आणि तीन नंबर पास झाले. चार नंबरची आशा बाईंनी लग्नापुरती आधीच सोडली होती. राहिला एक नंबर. ही समोरची सगळ्यात मोठी खोली, आणि ती वराच्या मामांसाठी ठेवलेली. मामांचं नाव भगवानराव, राहणार पाथरी. नवरा मुलगा भागवत बोरीचा; त्याला वडील नव्हते, मामांनीच वाढवलेला. त्यामुळे लग्नात मामांचा शब्द शेवटचा. साखरपुड्याला मामांच्या घरात आजारपण होतं, म्हणून तात्यारावांनी त्यांना अजून पाहिलेलं नव्हतं.

आणि एक नंबरचा पापड वाकला.

फार नाही, जरासाच. पण बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नवी चादर घातली, उदबत्ती लावली आणि मिस्त्रींना सांगितलं की आंघोळ करून स्वच्छ कपडे घाला आणि मामा येईपर्यंत इथं पलंगावर बसून शेगडीवर नजर ठेवा. शेगडी विझता कामा नये, ठिणगी उडता कामा नये. मिस्त्रींनी ठेवणीतलं पांढरं धोतर आणि सदरा काढला. महिनाभर रॉकेलात काळी झालेली नखं दगडाने घासली आणि ते पलंगावर मांडी घालून बसले. खरं सांगायचं तर ते वराच्या मामासारखे दिसत होते.

साडेअकराला बोरीची मंडळी दोन टेम्पोंतून आली आणि वरच्या मजल्यावर गेली. मामा आपल्या जीपने मागून येणार होते. ही गोष्ट वरपक्षाला ठाऊक होती, केशरबाईंना ठाऊक होती. तात्यारावांना ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच की मामा एक नंबरात उतरणार आहेत. बाईंनीच तसा निरोप धाडला होता. बाराच्या सुमारास तात्याराव चार भाऊबंद आणि एक हलगीवाला घेऊन जानोशावर मान घेऊन आले. बाई तेव्हा मागे चहाच्या पातेल्यापाशी होत्या. तात्याराव इकडे तिकडे न बघता थेट एक नंबरात शिरले. पलंगावर पांढऱ्या कपड्यांतला, वयस्कर, गंभीर चेहऱ्याचा माणूस बसला होता. तात्यारावांनी वाकून त्यांच्या कपाळाला गंध लावलं, अक्षता चिकटवल्या, डोक्यावर कोरी पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"मामा," ते हात जोडून म्हणाले, "औंदा गंगेनं आमचं कंबरडं मोडलंय. पण गरिबाचा मान गोड करून घ्या."

मिस्त्रींना पहिल्या क्षणीच कळलं होतं. गंध कपाळाला लागायच्या आधी बोलायला हवं होतं, हेही कळलं होतं. पण त्यांना बहीण नव्हती. आयुष्यात शेकडो लग्नांना ते गेले, दुसऱ्यांच्या मामांना फेटे बांधताना पाहिले, अंतरपाटामागे उभे राहिलेले पाहिले. त्यांना मात्र मामा म्हणून कोणी कधी हाक मारली नव्हती, कारण तशी हाक मारायला कोणी जन्मालाच आलं नव्हतं. टोपी डोक्यावर बसली आणि त्यांनी मान जराशी ताठ केली. हलगी वाजली. तात्याराव पाया पडून गेलेसुद्धा. मागे बाईंना वाटलं, हलगी वरच्या मंडळींसाठी वाजली.

आणि तासाभराने भगवानरावांची जीप आली.

भगवानराव म्हणजे दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हावा असा गडी. ते ओट्याची पहिली पायरी चढले, तेवढ्यात वरून त्यांच्या एका पाहुण्याने खुशीत येऊन सांगितलं की मामा, तुमचा मान तर मघाशीच झाला, हलगी आम्ही वरून ऐकली. भगवानरावांचा पाय पायरीवरच थांबला. कोणाचा मान झाला, असं त्यांनी विचारलं. मिस्त्री टोपीसकट दारात आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाकीच्यांना काही सांगायची गरज राहिली नाही.

आपल्याकडे मानाची टोपी एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर घालत नाहीत. तो अपशकुनही आणि अपमानही. तात्याराव धावत आले, दुसरी टोपी आणतो म्हणाले, दहा टोप्या आणतो म्हणाले. भगवानराव ओट्यावर बसून राहिले. जीप परत वळवा, एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. वरून नवरदेवाची आई, म्हणजे त्यांची बहीण खाली आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मुहूर्त संध्याकाळी सहा चाळीसचा होता आणि मामाशिवाय तो लागणार नव्हता.

त्याच वेळी स्टेशनावरून रिक्षाने बालाजी येऊन पोचला. त्याने पिशवी खाली ठेवली, कोणाला तरी काय झालं ते विचारून घेतलं आणि आईकडे पाहिलं. केशरबाईंनी नजर खाली घातली. मिस्त्रींना ते पाहवलं नाही. स्वतःच्या हावरेपणाची त्यांना लाज वाटली. ते पुढे झाले आणि भगवानरावांच्या समोर जमिनीवर बसले.

"मामा, चूक बाईची न्हाई, तात्यारावाचीबी न्हाई," ते म्हणाले. "मी मशीनवाला मिस्त्री हाय. मला बहीण न्हाई, मला आजपस्तोर कोणी मामा म्हणलं न्हाई. टोपी डोक्यावर आली अन् मला बोलू वाटलं न्हाई. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

भगवानरावांनी एकदा त्यांच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई मिस्त्री. पण पाथरीत लोक इचारतील, तुझ्याआधी मान कोणाचा झाला. मी काय सांगू?"

मिस्त्री मान खाली घालून बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांची नजर व्हरांड्यात गेली. तिथे दुरुस्त झालेल्या नऊ मशिनी ओळीने उभ्या होत्या. मालकिणी लग्न उरकल्यावर न्यायला येणार होत्या. मिस्त्रींनी तात्यारावांना विचारलं की मामांसाठी मांडवात द्यायचं कापड कुठं आहे. तात्यारावांनी ते पिशवीतच आणलं होतं. पांढरंशुभ्र, उंची, दुधाच्या सायीसारखं मऊ. आहेरात कापड सगळेच देतात. घेणारा ते घरी नेतो, कपाटात ठेवतो आणि पुढच्या लग्नात तेच दुसऱ्याला देतो. मिस्त्री उठले आणि भगवानरावांना म्हणाले की कापडाचा मान कोणालाही होतो, मामा. पण अंगाचं माप घेऊन, लग्नाच्याच दिवशी, जानोशात सदरा शिवून दिला आणि तो घालून मामा मांडवात उभे राहिले, असं पाथरीत कोणाच्या लग्नात झालंय का, तेवढं सांगा.

भगवानरावांनी विचार केला. तसं झालेलं त्यांना आठवेना. शिवाय त्यांच्या अंगाला कुठला तयार सदरा कधी आला नव्हता. पाथरीचा शिंपीसुद्धा बगलेत तोकडाच शिवायचा. ते म्हणाले, "मुहूर्ताला पाच तासबी न्हाईत."

"चार तास पुरे," मिस्त्री म्हणाले.

शुभदाला बोलावणं गेलं. ती पुरुषांचे कपडे शिवण्यात गावात पहिल्या नंबरची. आली ती टेप गळ्यात घालूनच आली आणि भगवानरावांना उभं करून माप घ्यायला लागली. छातीचं माप घेताना टेप संपायला चार बोटं उरली होती. तिने डोळे मोठे केले नाहीत, आकडा मोठ्याने म्हटला नाही, फक्त मनाशी लिहून घेतला. भगवानरावांना तिची ही रीत फार आवडली. कापड बेतून झालं. कॉलर आणि पट्टी शुभदाकडे, बाह्या सरजाबाईकडे. शिलाई सुरू होणार, तेवढ्यात शुभदा थांबली आणि हळूच म्हणाली, "मिस्त्री, कापड पांढरं हाय."

तिला काय म्हणायचं होतं ते मिस्त्रींना नीट कळलं. गाळ खाल्लेली मशीन कितीही धुतली तरी कुठेतरी एखादा कण लपून बसतो, आणि चालता चालता तेलाबरोबर तपकिरी डाग टाकतो. काळ्या कापडावर तो दिसत नाही. या कापडावर एक ठिपका पडला असता तर मामा गेले असते, लग्न गेलं असतं आणि लॉजही गेला असता. महिनाभर मिस्त्री सगळ्यांना सांगत आले होते की माझ्या हातून गेलेल्या मशिनीत गाळाचा कण सापडायचा नाही. आता ते खरं की खोटं हे पाच मिनिटांत ठरणार होतं.

त्यांनी खांद्यावरचा मानाचा कोरा टॉवेल काढला, एका मशिनीच्या सुईखाली धरला आणि पाय चालवला. सुई टॉवेलभर धावली. पांढरी शिलाई, पांढराच टॉवेल. दुसऱ्या मशिनीवरही तसंच. तिसरीने मात्र वीतभर शिवून झाल्यावर मधोमध एक तपकिरी रेघ ओढली. मिस्त्रींनी ती मशीन उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली, शाळेत मस्ती केलेल्या पोराला ठेवतात तशी, आणि चौथी घेतली. ती स्वच्छ निघाली. तोवर टॉवेलाची पार चिंधी झाली होती. आयुष्यात एकदाच मिळालेला मान होता तो. पण त्या घडीला त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मग जे काम चाललं ते बघायला वरचा सगळा वरपक्ष जिन्यावर येऊन बसला. मशिनींचा खडखडाट, मध्ये सरजाबाईचा चहा, आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले भगवानराव आपल्या सदऱ्याच्या एकेका भागाला जन्मताना बघत होते. कॉलर झाल्यावर त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. केशरबाईंनी काजं करायला घेतली आणि बालाजी नुसताच उभा आहे असं बघून त्याच्या हातात सुईदोरा दिला. बटणं लावायला लहानपणी त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला तो माणूस पायरीवर बसून दोरा ओवायला लागला, तिसऱ्यांदा चुकला, आणि नवरदेवाच्या आईने हसून त्याला दोरा ओवून दिला. मघाशी तोंडाला पदर लावून उभी असलेली तीच बाई. मग तो म्हणाला की आई, पाचवं बटण वाकडं बसलंय. बाई म्हणाल्या की मग उसव. सदऱ्याला इस्त्री फिरली तेव्हा सव्वापाच वाजले होते.

भगवानरावांनी सदरा घातला. हात वर केले, खाली केले, पाठ वळवली, पुढे वाकले. बगलेत कुठे ओढ नाही, पोटावर कुठे ताण नाही. त्यांनी कोणाचं कौतुक केलं नाही. आरशासमोर मात्र फार वेळ उभे राहिले. मग तात्यारावांनी त्यांना गंध लावलं, नवी टोपी घातली आणि हलगीवाल्याने मघापेक्षा दुप्पट जोर काढला.

मांडवात मिस्त्री मुद्दाम मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले होते. अंतरपाट धरला गेला तशी पुढे काहीतरी कुजबुज झाली आणि बघता बघता भगवानराव स्वतः गर्दीतून वाट काढत मागे आले. त्यांनी मिस्त्रींचा हात धरला.

"चला," ते म्हणाले. "टोपी घातली हाय ना? मग तिचं काम करा. माझ्या भाच्यामागं दोन मामा उभे राहिले तर त्याचं काही बिघडत न्हाई."

मिस्त्रींना नाही म्हणताच आलं नाही, आणि या वेळी म्हणायचंही नव्हतं. ते भागवतच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. मंगलाष्टकं चालू असताना त्यांच्या हातातल्या अक्षता घामाने भिजून तळव्याला चिकटल्या. लग्न लागल्यावर नवराबायको जोडीने पाया पडत निघाली आणि भागवतने आधी भगवानरावांच्या, मग त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मामा, आशीर्वाद द्या, असं म्हणाला. मिस्त्री साठीला टेकलेला माणूस, भर मांडवात लहान मुलासारखे रडले. लोकांना वाटलं, सख्खा मामा असणार.

त्या रात्री एक नंबरात भगवानराव झोपले आणि चार नंबरात, नेहमीप्रमाणे, मिस्त्री. दोन्ही कोनाड्यांत बाईंनी पापड ठेवले होते. सकाळी उजाडता उजाडता मिस्त्रींनी चार नंबरचा पापड हातात घेतला. बसची वेळ नऊची होती. डाग टाकणारी मशीनही त्यांनी रात्रीच पुन्हा उघडून साफ केली होती. मशिनी संपल्या होत्या, जानोसा संपला होता, आता राहायला काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी पापड मोडला. तो टचकन मोडला, एकदम कोरडा. मिस्त्री त्या दोन तुकड्यांकडे बघत थोडा वेळ पलंगावर बसले. मग त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातले आणि पिशवी भरायला घेतली.

बाहेर वरपक्षाचं सामान टेम्पोत चढत होतं. केशरबाई ओट्यावर उभ्या होत्या आणि निघणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या की राहण्यात काही कमीजास्त झालं का, काही तक्रार असली तर सांगा. बालाजी त्यांच्या शेजारीच उभा होता. सगळे नाही म्हणत गेले. शेवटी एक नंबरचं दार उघडून भगवानराव आले, अंगात कालचाच सदरा.

"हाय तक्रार," ते म्हणाले.

बाईंनी ओट्याचा खांब धरला.

"पहाटं भूक लागली. कोनाड्यात बगतो तर पापड एकच. शेगडी पेटवली, भाजला अन् खाल्ला. पाहुण्याच्या खोलीत कोणी एकच पापड ठेवतंय का?"

केशरबाईंनी त्याआधीचं सगळं सोडून विचारलं, "भाजायच्या आधी मोडला व्हता का?"

"दोन तुकडे केले की."

"वाकला का मोडला, मामा? नीट आठवा."

"मोडला. टचकन आवाज आला. काहून?"

बाईंनी खांब सोडला आणि पदराने डोळे पुसले. बालाजी हसायला लागला, आणि हसता हसता त्याने खाली वाकून आईची चप्पल सरळ करून ठेवली. पुण्याचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही आणि पुढेही काढला नाही. भगवानरावांनी जाताना सांगितलं की वैशाखात थोरल्या मुलीचं लग्न गंगाखेडातच करायचं म्हणतोय, जानोसा इथंच, फक्त पापड डझनभर ठेवा.

टेम्पो गेले, जीप गेली. मिस्त्री पिशवी घेऊन आणि डोक्यावर टोपी घालून ओट्यावर आले. बाईंनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. वालूरची बस किती वाजता, असं विचारलं. मिस्त्रींनी नऊ सांगितले. शेवटी बाई, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तसं, पण पाटीकडे बघत म्हणाल्या, "तुमची काही तक्रार मिस्त्री?"

मिस्त्रींनी खिशात हात घातला. पापडाचे दोन तुकडे बोटांना लागले. त्यांनी ते खिशातल्या खिशात बारीक चुरून टाकले.

"चार नंबरचा पापड अजून वाकायलाय, बाई," ते म्हणाले.

केशरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चार नंबरच्या भिंतीलाच लागून त्यांची स्वतःची खोली होती, पलीकडचा टचकन आवाज तिथं ऐकू यायचा आणि सकाळी त्या वेळेला त्या जाग्याच असायच्या.

"मग पिशवी आत ठेवा," त्या म्हणाल्या. "शेगडी पेटवते."